उमेदवारीची लढत आणि मोजणीवरचा विश्वास

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार निवडण्याचा अधिकार पक्षाच्या सामान्य मतदाराकडे असतो. आपल्याकडे तिकीटवाटप पक्षश्रेष्ठींच्या बैठकीत होते. तिकडे तेच काम निवडणूक वर्षाच्या सुरुवातीपासून जूनपर्यंत, राज्याराज्यांत, मतदानाने चालते. एकाच पक्षाचे लोक एकमेकांविरुद्ध उभे राहतात आणि निकाल अटीतटीचा लागला की हरलेल्या बाजूचे समर्थक दोन प्रश्न विचारू लागतात. मतदानाला नेमके किती आणि कोण लोक आले? आणि आलेल्यांची मते नीट मोजली गेली का? २०१२ची रिपब्लिकन लढत आणि २०१६ व २०२०च्या डेमोक्रॅटिक लढती या प्रश्नांनी गाजल्या. त्या तपासल्या की संशय कुठून जन्मतो, तो कधी खरा ठरतो आणि कशाने शमतो, हे कळते.

पद्धत कशी घडली

विसाव्या शतकाच्या आरंभी काही राज्यांनी प्रायमरी म्हणजे पक्षांतर्गत मतदान सुरू केले, पण अंतिम निर्णय दीर्घकाळ अधिवेशनात जमलेल्या पुढाऱ्यांच्याच हाती राहिला. १९६८ साली ह्युबर्ट हम्फ्री यांनी एकही प्रायमरी न लढवता डेमोक्रॅटिक उमेदवारी मिळवली. शिकागोच्या त्या अधिवेशनात सभागृहात आणि रस्त्यावर मोठा असंतोष उसळला. त्यानंतर नेमलेल्या मॅकगव्हर्न-फ्रेझर आयोगाने नियम बदलले आणि १९७२पासून अधिवेशनातले प्रतिनिधी मुख्यतः मतदानातून ठरू लागले. पुढे १९८४पासून डेमोक्रॅटिक पक्षाने खासदार, राज्यपाल आणि पक्ष पदाधिकाऱ्यांना मर्जीप्रमाणे मत देणाऱ्या प्रतिनिधींचा दर्जा दिला. त्यांना सुपरडेलिगेट म्हणतात.

प्रतिनिधी निवडण्याच्या दोन रीती आहेत. प्रायमरी ही नेहमीच्या निवडणुकीसारखी असते. बहुतेक ठिकाणी ती सरकारी यंत्रणा घेते आणि मतदान गुप्त असते. कॉकस ही पक्षाने भरवलेली सभा. ठरलेल्या संध्याकाळी लोक शाळेत, चर्चमध्ये किंवा ग्रंथालयात जमतात, चर्चा करतात आणि कौल देतात. तिथली मोजणी आणि निकाल कळवण्याचे काम पक्षाचे स्वयंसेवक करतात. काही राज्यांत फक्त पक्षाकडे नोंदलेल्यांनाच मत देता येते, तर काही ठिकाणी अपक्ष मतदारही भाग घेऊ शकतो. पन्नास राज्यांच्या या वेगवेगळ्या नियमांत पुढच्या वादांची मुळे आहेत.

मतदान किती आणि कोणाचे

प्यू रिसर्च सेंटरच्या हिशेबानुसार २०१६ साली दोन्ही पक्षांच्या प्रायमरींत मिळून ५ कोटी ७६ लाखांहून अधिक लोकांनी मत दिले. पात्र मतदारांच्या ते सुमारे २८.५ टक्के होते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातील राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत हेच प्रमाण साठ टक्क्यांच्या घरात गेले. म्हणजे उमेदवार ठरवणारा वर्ग मुळातच लहान असतो, आणि कॉकसमध्ये तो आणखी आक्रसतो. संध्याकाळचे दोन-तीन तास सभेत बसणे रात्रपाळीच्या कामगाराला, लेकुरवाळ्या आईला किंवा वृद्धाला जमत नाही. उलट निष्ठावान, वेळ देऊ शकणारा कार्यकर्ता तिथे हमखास येतो.

याचा स्वच्छ दाखला २०१६ साली वॉशिंग्टन राज्यात मिळाला. २६ मार्चच्या डेमोक्रॅटिक कॉकसमध्ये सुमारे २ लाख ३० हजार लोक आले आणि बर्नी सँडर्स यांनी ७२ टक्क्यांहून अधिक कौल मिळवला. मे महिन्यात त्याच राज्यात प्रायमरी झाली. ती प्रतिनिधी ठरवणार नव्हती, तरी कॉकसच्या कितीतरी पट मतदान झाले आणि हिलरी क्लिंटन पुढे राहिल्या. नेब्रास्कातही असेच घडले. सँडर्स मार्चमधील कॉकस जिंकले आणि क्लिंटन मेमधील प्रायमरीत पुढे गेल्या. कोणाचेही मत न चोरता, केवळ रीत बदलल्याने निकाल उलटला.

सभेची गर्दी आणि पेटीतली मते यांतले अंतरही समर्थकांना पचवणे जड जाते. एप्रिल २०१६मध्ये न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन स्क्वेअर पार्कमधील सँडर्स यांच्या सभेला २७ हजार लोक आल्याचे त्यांच्या प्रचारयंत्रणेने सांगितले. काही दिवसांनी, १९ एप्रिलला, ते राज्य त्यांनी सुमारे ४२ विरुद्ध ५८ टक्के असे गमावले. एवढी गर्दी जमवणारा नेता हरतोच कसा, हा प्रश्न समर्थकांत लगेच पसरला. पण सभेला येणाऱ्यांत अपक्ष आणि नोंदणी न केलेले तरुणही असतात, आणि न्यूयॉर्कची प्रायमरी फक्त नोंदलेल्या पक्षसदस्यांसाठी होती. शिवाय आधीपासून नोंदलेल्या मतदाराला पक्ष बदलायचा असेल, तर त्याची मुदत ९ ऑक्टोबर २०१५ला, म्हणजे मतदानाच्या सहा महिने आधीच संपली होती. हा नियम इतका जाचक होता की डोनाल्ड ट्रम्प यांची मुले इव्हांका आणि एरिक यांनाही वडिलांना मत देता आले नाही.

संशय खरा ठरतो तेव्हा

३ जानेवारी २०१२च्या रात्री आयोवात रिपब्लिकन कॉकस झाली. मिट रॉम्नी अवघ्या ८ मतांनी जिंकल्याचे जाहीर झाले. एका छोट्या केंद्रावरील मतदाराने मात्र आपण स्वतः पाहिलेली मोजणी वेगळी असल्याचे सांगितले. रॉम्नींना तिथे २ मते पडली होती आणि नोंदली गेली २२. दोन आठवड्यांनी कागदपत्रे तपासून निकाल प्रमाणित झाला, तेव्हा रिक सँटोरम ३४ मतांनी पुढे होते आणि ८ केंद्रांचे अधिकृत कागद सापडलेच नव्हते. राज्य पक्षाध्यक्षांनी महिनाअखेर राजीनामा जाहीर केला. सँटोरम यांचे नुकसान मात्र भरून निघाले नाही, कारण पहिल्या विजयाची प्रसिद्धी आणि देणग्या रॉम्नी यांनी आधीच मिळवल्या होत्या.

पुढच्या महिन्यात मेन राज्यात तोच प्रकार वेगळ्या रूपाने घडला. ११ फेब्रुवारीला रॉम्नी यांना १९४ मतांची आघाडी मिळाल्याचे घोषित झाले. एकूण मते साडेपाच हजारांच्या आसपास होती. हिमवादळाच्या अंदाजामुळे वॉशिंग्टन काउंटीची कॉकस पुढे ढकलली गेली होती आणि काही गावांचे आकडे बेरजेत आलेच नव्हते. प्रतिस्पर्धी उमेदवार रॉन पॉल यांच्या समर्थकांनी आवाज उठवला आणि पक्षाला फेरतपासणी करावी लागली. आघाडी कमी झाली, तरी क्रम बदलला नाही. या दोन्ही प्रसंगांत मते पळवण्याचा कट उघडकीस आला नाही. दिसला तो हौशी मोजणीचा गलथानपणा आणि विजेता जाहीर करण्याची घाई. समर्थकांनी वहीत उतरवून ठेवलेल्या आकड्यांमुळेच चूक पकडली गेली, हेही तितकेच खरे.

२०१६चे तीन वाद

पहिला वाद ॲरिझोनाचा. मॅरिकोपा काउंटीत २०१२ साली २०० मतदान केंद्रे होती. २२ मार्च २०१६च्या प्रायमरीसाठी ती ६०वर आणली गेली. बरेच लोक टपालाने मत देतील, असा अधिकाऱ्यांचा अंदाज होता. तो चुकला आणि लोक तासन्‌तास रांगेत उभे राहिले. काहींचे मतदान मध्यरात्रीनंतर झाले. अशा बदलांना केंद्र सरकारची पूर्वपरवानगी घेण्याचे बंधन २०१३च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने सुटले होते, ही त्यामागची पार्श्वभूमी. रांगांची झळ दोन्ही डेमोक्रॅटिक उमेदवारांच्या मतदारांना बसली.

दुसरा वाद ब्रुकलिनच्या मतदारयादीचा. तिथून १ लाख १७ हजारांहून अधिक नावे वगळली गेल्याचे मतदानाच्या सुमारास उघड झाले. कॉमन कॉज या संस्थेने खटला भरला, न्याय विभागही त्यात सामील झाला आणि २०१७ साली शहराच्या निवडणूक मंडळाने कायदा मोडल्याचे मान्य केले. अन्याय सिद्ध झाला. तरी राज्यातील क्लिंटन यांची आघाडी ३ लाखांच्या आसपास होती, म्हणजे वगळलेली सगळी नावे एका बाजूला टाकली तरी निकाल फिरला नसता. हक्कभंग झाला का आणि निकाल बदलला का, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर ‘होय’ आले म्हणून दुसऱ्याचेही तसेच येईल असे नाही, आणि दुसऱ्याचे ‘नाही’ आले म्हणून पहिला प्रश्न क्षुल्लक ठरत नाही.

तिसरा वाद एक्झिट पोलचा. न्यूयॉर्कमध्ये मतदान संपताच आलेल्या पाहणीने ५२-४८ अशी चुरस दाखवली, मोजणीत अंतर १६ टक्के निघाले. हा फरकच लबाडीचा पुरावा असल्याचा दावा झाला. पण या पाहण्या प्रसारमाध्यमांना विश्लेषणासाठी हव्या असतात, मोजणी तपासण्यासाठी त्या आखलेल्या नसतात. केंद्राबाहेर प्रश्नावली भरायला तरुण मतदार जास्त राजी होतात, आणि सँडर्स यांचा आधार तरुणांतच होता. मोजणीवर शंका असेल तर कागदी मतपत्रिका पुन्हा मोजणे, हा खरा उपाय. २००८ साली न्यू हॅम्पशायरमध्ये क्लिंटन यांनी जनमत चाचण्यांना खोटे ठरवून ओबामांवर मात केली, तेव्हा त्याच लढतीतील उमेदवार डेनिस कुसिनिच यांच्या मागणीवरून फेरमोजणी झाली. किरकोळ फरक निघाले, निकाल तोच राहिला.

पक्षपात आणि सुधारणा

सँडर्स समर्थकांच्या एका तक्रारीला मात्र आधार मिळाला. २२ जुलै २०१६ला विकिलीक्सने डेमोक्रॅटिक पक्षाच्या राष्ट्रीय समितीचे हजारो ईमेल प्रसिद्ध केले. ते रशियन गुप्तहेरांनी चोरल्याचे पुढे आरोपपत्रात म्हटले गेले. त्यांत मतांच्या फेरफाराचा पुरावा नव्हता, पण तटस्थ राहायला हवे असलेले कर्मचारी सँडर्स यांच्याविरुद्ध बोलताना दिसले. समितीच्या अध्यक्ष डेबी वॉसरमन शुल्ट्झ यांनी अधिवेशनाच्या तोंडावर राजीनामा जाहीर केला. एकूण मतांत क्लिंटन ३५ लाखांहून अधिक मतांनी पुढे होत्या, त्यामुळे उमेदवारी त्यांनी मतांवरच मिळवली होती. तरीही बहुतेक सुपरडेलिगेट सुरुवातीपासून त्यांच्याकडे मोजले जात होते, आणि त्यामुळे लढत आधीच ठरलेली असल्याची भावना बळावली होती. ऑगस्ट २०१८मध्ये पक्षाने नियम बदलला. लढत मिटलेली नसेल, तर अधिवेशनातील मतदानाच्या पहिल्या फेरीत सुपरडेलिगेटना मत नाही. वॉशिंग्टन, नेब्रास्का, कोलोरॅडो, मिनेसोटा यांसारख्या राज्यांनी कॉकस सोडून प्रायमरी स्वीकारली.

आयोवात कॉकस टिकली. २०१६मध्ये तिथे निकाल अर्ध्या टक्क्याच्या आत आला होता आणि काही केंद्रांवर प्रतिनिधी नाणे उडवून ठरले होते, म्हणून २०२०साठी मतदाराच्या पसंतीची कागदी कार्डे आणि तीन प्रकारचे आकडे प्रसिद्ध करण्याचा नियम आला. पण ३ फेब्रुवारीच्या रात्री आकडे पाठवण्याचे नवे ॲप कोलमडले, फोन तुंबले आणि निकाल कित्येक दिवस रखडला. पीट बुटिजज यांना प्रतिनिधींच्या हिशेबात निसटती आघाडी मिळाली, प्रत्यक्ष मतांत सँडर्स पुढे होते. असोसिएटेड प्रेसने विजेता घोषित करण्यास नकार दिला. कार्डे जपून ठेवल्यामुळे फेरतपासणी तरी करता आली. पुढे २०२४च्या वेळापत्रकात डेमोक्रॅटिक पक्षाने आयोवाचा पहिला मान काढून साउथ कॅरोलायनाला दिला.

या सगळ्या प्रसंगांत तक्रारींचे तीन प्रकार दिसतात: जाणूनबुजून केलेली लबाडी, कारभारातला ढिसाळपणा आणि नियमांतच असलेला कल. पहिल्याचा आरोप सर्वांत जास्त होतो आणि सिद्ध सर्वांत कमी होतो. दुसरा आणि तिसरा वारंवार सिद्ध झाले, आणि मतदाराचे नुकसान त्यांनीही केलेच. सगळ्यालाच लबाडी म्हटले की खऱ्या चुका गोंगाटात हरवतात, आणि सगळ्या तक्रारी हरलेल्यांचे रडगाणे म्हणून झटकल्या की त्या पुढच्या वेळी पुन्हा घडतात. केंद्रनिहाय आकडे त्याच रात्री जाहीर करणे, कागदी नोंद जपणे, मोजणी संपण्याआधी विजेता घोषित न करणे आणि मतदारयादीतून नाव काढण्यापूर्वी मतदाराला कळवणे, हे साधे नियम पाळले तर हरलेल्या बाजूलाही निकाल मान्य करता येतो. पक्षाला नोव्हेंबरात एकत्र उभे राहायचे असते, म्हणून उमेदवारीच्या लढतीत या विश्वासाची किंमत मोठी असते.