ईसीजीतला खोटा ठोका

ट्रेडमिल चाचणीच्या पट्टीवर एखादा ठोका वेळेआधी पडलेला दिसला की आम्ही डॉक्टर सावध होतो. पण कधी कधी तो ठोका हृदयाचा नसतोच. तो संगणकाने तयार केलेला असतो.

संगणकातल्या प्रत्येक कार्डाला प्रोसेसरचं लक्ष वेधून घ्यावं लागतं. वॉर्डातल्या खाटेवरून घंटा वाजावी आणि सिस्टरने हातातलं काम ठेवून तिकडे जावं, तसंच. या घंटेला ‘इंटरप्ट’ म्हणतात. १९८१ च्या आयबीएम पीसीत अशा आठ घंटा होत्या, १९८४ च्या पीसी-एटीत सोळा. त्यातली एक, दोन चिप एकमेकींना जोडण्यातच खर्ची पडे. शून्य क्रमांक घड्याळाचा, एक कीबोर्डचा, सहा फ्लॉपीचा. उरलेल्या मोजक्या क्रमांकांसाठी कार्डांची मारामारी. कार्डावर इवलासा जंपर बसवून क्रमांक हाताने ठरवायचा. दोघांना एकच पडला तर काम ठप्प.

नव्वदच्या दशकात पीसीआय कार्डं आली आणि वाटपाचं काम बायोसकडे गेलं. विंडोज जागं होण्याआधीच बायोस प्रत्येक स्लॉटमध्ये कोण बसलंय ते पाहतो. स्लॉटला इंटरप्टच्या चार तारा असतात, ए ते डी. बहुतेक कार्डं फक्त ‘ए’ वापरतात. सगळ्यांची गर्दी एकाच तारेवर नको, म्हणून मदरबोर्डवर या तारा प्रत्येक स्लॉटला फिरवून जोडतात. मग बायोस त्या तारेला मोकळ्यांपैकी एक क्रमांक देतो आणि तो कार्डाच्या नोंदीत लिहून ठेवतो. ड्रायव्हर ती नोंद वाचून कामाला लागतो.

क्रमांक कमी पडले की दोन कार्डांना एकच घंटा मिळते. पीसीआयमध्ये हे चालतं. घंटा वाजली की प्रत्येक ड्रायव्हरला ‘तुझी का?’ असं विचारलं जातं. पण एखादा ड्रायव्हर रेंगाळला तर मागचा खोळंबतो. ईसीजीचं कार्ड तर सेकंदाला शेकडो नमुने घेत असतं. त्याची छोटी साठवण भरली की पुढचे नमुने गळतात. सॉफ्टवेअरने उरलेले नमुने तसेच जोडले की मधला वेळ आखडतो आणि पुढचा ठोका लवकर आल्यासारखा दिसतो.

आमच्याकडे एका जुन्या यंत्रात नेटवर्क कार्ड बसवल्यावर असंच झालं. बाराही लीडमध्ये एकाच क्षणी रेघ तुटलेली, टी लहर मध्येच कापलेली. हृदय अशी कापाकापी करत नाही. तंत्रज्ञाने नेटवर्क कार्ड शेजारच्या स्लॉटमध्ये हलवलं, तार बदलली, क्रमांक बदलला, पट्टी स्वच्छ झाली. संशयास्पद पट्ट्यांच्या रुग्णांना मात्र पुन्हा बोलवावं लागलं. एकजण कामाचा खाडा करून आला होता. कोणतं कार्ड रुग्णाच्या छातीला जोडलंय, हे बायोसला कुठून कळणार?

नव्या पीसीआय एक्स्प्रेस कार्डांना वेगळी तार लागत नाही. ती ठरावीक पत्त्यावर एक संदेश लिहितात, त्यामुळे ही दाटी राहिली नाही. सरकारी रुग्णालयात यंत्र मोडेपर्यंत चालतं, तेव्हा जुन्यांशी आमची गाठ अजून आहेच. अशा यंत्रात कोणतंही कार्ड बसवलं की आधी एखाद्या निरोगी कर्मचाऱ्याची दहा मिनिटांची पट्टी काढावी, रुग्ण नंतर. आणि केवळ एका पट्टीवरून ‘जादा ठोके आहेत’ असं कोणी सांगितलं, तर दुसऱ्या यंत्रावर ईसीजी काढून मागायला रुग्णाने संकोच करू नये.