रक्तपेशीतील निरोप आणि सिकलसेलचा आजार

सिकलसेलचा रोग घेऊन जन्मलेले मूल पहिले काही महिने अगदी निरोगी दिसते. त्याचे वजन वाढते, ते अंगावर पिते, खेळते. सहाव्या महिन्यानंतर केव्हातरी त्याच्या हातापायांचे पंजे सुजतात, अंग फिकट पडते, ते सारखे रडू लागते. ज्या दोषामुळे हे घडते तो तर गर्भधारणेपासूनच त्याच्या शरीरात असतो. मग इतके दिवस तो निद्रिस्त का राहतो? या प्रश्नाचा मागोवा घेताना पेशीच्या कारभाराची अनेक रहस्ये शास्त्रज्ञांच्या हाती आली असून या रोगावरील अगदी अलीकडचा उपचारही त्यातूनच निघाला आहे.

पेशीच्या केंद्रकात डीएनएच्या रूपाने शरीराचे मूळ दप्तर असते. हे दप्तर केंद्रकाबाहेर जात नाही. ज्या मजकुराची गरज असेल तेवढ्याचीच नक्कल आरएनएच्या रूपाने निघते, निरोप्याप्रमाणे बाहेर जाते आणि तिच्यातील आज्ञेनुसार अमिनो आम्ले एकापुढे एक जोडली जाऊन प्रथिन तयार होते. यकृत, मेंदू, रक्त या सर्वांच्या पेशींत मूळ दप्तर एकच. तरीही प्रत्येकीचे काम वेगळे. कोणती नक्कल केव्हा काढावयाची आणि काढलेली नक्कल अमलात आणावयाची की अडवून धरावयाची, याचे नियंत्रण काही विशिष्ट प्रथिने व आरएनएचेच काही प्रकार करीत असतात.

तांबड्या रक्तपेशीतील हिमोग्लोबिन हे असेच एक प्रथिन. प्रौढ माणसात ते दोन अल्फा व दोन बीटा अशा चार साखळ्यांचे बनलेले असते. बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. त्यांपैकी सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले की सिकलसेलचे हिमोग्लोबिन तयार होते, हे व्हर्नन इन्ग्राम यांनी १९५६-५७ मध्ये दाखवून दिले. त्यापूर्वी १९४९ मध्ये लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा रेणूचाच आजार असल्याचे सिद्ध केले होते. असे सदोष हिमोग्लोबिन प्राणवायू सोडून दिल्यावर एकमेकांस चिकटून लांब तंतू बनविते. गोल, लवचिक पेशी विळ्यासारखी वाकडी व ताठर होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि असह्य वेदना सुरू होतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही पेशी बहुधा दहा ते वीस दिवसांतच नष्ट होते. १४६ पैकी एका घटकाच्या बदलाचा हा परिणाम आहे.

गर्भात मात्र बीटा साखळीचे काम गॅमा साखळी करीत असते. हे गर्भाचे हिमोग्लोबिन मातेच्या रक्तातून प्राणवायू अधिक जोराने ओढून घेते. दोष बीटाच्या जनुकात असल्याने गॅमा साखळीस तो बाधत नाही. जन्माच्या सुमारास गॅमाचे उत्पादन मंदावून बीटाचे वाढू लागते आणि बालकाचे कवच हळूहळू गळून पडते. तान्ह्या मुलांत हा रोग सौम्य का असतो, याचा संबंध गर्भाच्या हिमोग्लोबिनशी असावा, असे जॅनेट वॉटसन या अमेरिकन बालरोगतज्ज्ञ महिलेने १९४८ मध्येच सुचविले होते.

हा बदल घडवून आणतो कोण? बीसीएल-११ए नावाचे प्रथिन गॅमाचे जनुक दाबून ठेवते, असे २००८ मध्ये बोस्टन येथील स्टुअर्ट ऑर्किन, विजय शंकरन व सहकाऱ्यांच्या संशोधनातून दिसून आले. त्याहून कुतूहलाची बाब २०२० मध्ये पुढे आली. बीसीएल-११ए तयार करण्याची आज्ञा देणारा आरएनए गर्भावस्थेतही पेशीत हजर असतो; परंतु लिन-२८बी नावाचे दुसरे प्रथिन त्यास अडवून धरते व त्यापासून प्रथिन बनू देत नाही. म्हणजे निरोप निघालेला असतो, पण वाटेत थोपविलेला असतो.

येथूनच उपचाराचा मार्ग दिसला. रुग्णाच्या मूलपेशी बाहेर काढून, वाटाड्या आरएनए व कॅस-९ या कातरणाऱ्या प्रथिनाच्या साहाय्याने, तांबड्या पेशींत बीसीएल-११ए चालू ठेवणारा डीएनएचा छोटा भाग तोडला जातो. नंतर त्या पेशी रुग्णास परत दिल्या जातात. गॅमाचे उत्पादन पुन्हा सुरू होते. या उपचारास नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने व डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेने मान्यता दिली. तेथील त्याची किंमत २२ लाख डॉलर ठेवण्यात आली, तेव्हा गडचिरोलीच्या रुग्णाला आज तरी आधार हायड्रॉक्सीयुरिया या स्वस्त गोळीचाच. तीही अनेक रुग्णांत गर्भाचे हिमोग्लोबिन वाढविते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली रक्त तपासून ती नियमित घ्यावी लागते.

महाराष्ट्रात विदर्भातील जिल्ह्यांत तसेच नंदुरबार-धुळे भागात भिल्ल, पावरा, माडिया, गोंड, परधान यांच्यात, आणि आदिवासींखेरीज इतर समाजांतही हा दोष आढळतो. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करण्याचे उद्दिष्ट ठरविण्यात आले. गावपातळीवर होणारी सोल्युबिलिटी चाचणी सहा महिन्यांखालील बालकांस भरवशाची नसते. त्यांच्या रक्तात गर्भाचे हिमोग्लोबिनच अधिक असल्याने दोष असूनही ती चाचणी नकारार्थी येऊ शकते. त्यांच्यासाठी एचपीएलसीसारखी चाचणी आवश्यक असते. मोठ्या माणसांतही सोल्युबिलिटी चाचणी वाहक व रुग्ण हा भेद सांगत नाही.

हा भेद गावातील लग्नांच्या बोलणीत अनेकदा हरवतो. एकाच पालकाकडून सदोष जनुक आलेला वाहक सर्वसाधारणपणे निरोगी असतो व त्यास औषधाची गरज नसते. पती-पत्नी दोघेही वाहक असल्यास मात्र प्रत्येक गर्भधारणेत मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहक मुलीचा विवाह वाहक नसलेल्या व निर्दोष रक्ताच्या मुलाशी झाल्यास त्यांच्या अपत्यांना हा रोग होत नाही; तरी केवळ चाचणीच्या कागदावरून मुलीस नाकारले जाते. शाळेत रुग्ण विद्यार्थी असेल तर त्यास वारंवार पाणी पिऊ द्यावे, थंडीत वा कडक उन्हात धावण्याची सक्ती करू नये आणि ताप किंवा तीव्र वेदना असल्यास विलंब न लावता प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या सूचीत सिकलसेल रोगाचा समावेश आहे.