‘रद्दी’ शब्दाचें मूळ व अर्थ

हलक्या प्रतीच्या वस्तूस ‘रद्दी’ म्हणण्याचा प्रघात सार्वत्रिक आहे. रद्दी माल, रद्दी नाटक, रद्दी काम असे प्रयोग नित्य ऐकूं येतात. हाच शब्द नाम होऊन स्त्रीलिंगी योजिला, म्हणजे त्याचा अर्थ तोलावर विकावयाचे जुने कागद असा होतो. जुने कागद जमविणें हाच ज्यांचा व्यासंग, त्यांस या शब्दाचा विचार अप्रस्तुत वाटणार नाहीं.

संस्कृतांत ‘रद्’ असा धातु आहे. परंतु त्याचा अर्थ उकरणें, ओरखडणें असा असून दांतास ‘रद’ म्हणतात तें त्यावरूनच. टाकाऊपणाशीं त्याचा मेळ बसत नाहीं. आमच्या शब्दाचें मूळ अरबी आहे. परत करणें, नाकारणें या अर्थाच्या अरबी धातूपासून ‘रद्द’ हें नाम झालें, व त्यास ईकार लागून ‘रद्दी’, म्हणजे नाकारलेलें, असें विशेषण सिद्ध होऊन फारशीच्या द्वारें इकडे आलें.

याच धातूचा परिवार मराठी दप्तरांत आढळतो. ‘रदबदल’ म्हणजे मुळांत परत करणें व बदलणें. ‘रदबदली’ म्हणजे दुसऱ्याकरितां केलेली मध्यस्थी. ‘तरतूद’ हा तर ‘तरद्दुद’ या रूपाचा अपभ्रंश होय. पुनःपुनः जाणें-येणें, त्यावरून खटपट, व त्यावरून मराठींत आगाऊ सोय, अशी त्याची अर्थपरंपरा. तात्पर्य, तरतूद आणि रद्दी या एकाच कुळांतल्या ठरतात.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. मूळ अर्थांत वस्तूचा हिणकसपणा नाहीं. कोणी तरी ती नाकारली, एवढेंच आहे. आणि नाकारणाराचा निर्णय त्याच्या गरजेपुरता असतो. रद्द झालेल्या सनदेवर हक्क सांगतां येत नाहीं. परंतु तो हक्क एके काळीं होता, याची साक्ष तीच देते. पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ भाग गो. स. सरदेसाई यांच्या संपादकत्वाखालीं १९३० नंतरच्या कांहीं वर्षांत प्रसिद्ध झाले. म्हणून न निवडलेले रुमाल रद्दी ठरले नाहींत. धान्याचे भाव, मजुरी, दुष्काळ यांचा शोध घेणारास त्यांकडेच वळावें लागतें.

यास्तव संग्राहकांस आमची विनंति एवढीच कीं, घरांतील रुमाल तोलावर घालण्यापूर्वीं ते कोणीं नाकारले व कां, हें प्रथम पाहावें.