कळांच्या वेळी जवळ कोण?

मैत्रिणींनो, 'डूला' हा शब्द मूळचा ग्रीक. बाळंतपणात बाईजवळ थांबून तिला धीर देणारी, त्यासाठी शिकलेली सोबतीण म्हणजे डूला. ती डॉक्टर नाही, नर्स नाही आणि सुईणही नाही. तपासणं, नाळ कापणं ही तिची कामं नाहीत. पुण्या-मुंबईत पैसे देऊन डूला मिळते. आपल्याकडे कुठून आणायची? पण तिचं बरंचसं काम आपली आई, बहीण, जाऊ करू शकते.

तशी मुभा सरकारनेच दिली आहे. २०१६ साली केंद्र सरकारने सूचना काढल्या की सरकारी दवाखान्यात प्रसूतीच्या वेळी एक सोबतीण आत थांबू शकते. ती शक्यतो स्वतः बाळंतपण अनुभवलेली नात्यातली बाई असावी. आडोशाची सोय असेल तिथे नवऱ्यालाही थांबता येतं. तरी बऱ्याच ठिकाणी सून आत एकटी आणि सासू बाहेर बाकावर, असंच चित्र दिसतं. कारण कुणी विचारतच नाही.

सोबतीने काय होतं? भीतीने अंग आखडतं, कळा जास्त झोंबतात. २०१७ साली जगभरातल्या २६ अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला, त्यात १५ हजारांवर बायका होत्या. ज्यांच्याजवळ सतत कुणी होतं त्यांच्यात सिझर कमी झाले, कळांचा वेळ थोडा घटला, दुखणं कमी करणारी औषधंही कमी लागली. हा चमत्कार नाही हं. ज्या बाईला सिझरची खरी गरज आहे तिला ते करावंच लागतं.

सोबतिणीने कंबर चोळावी, घोट-घोट पाणी द्यावं, सिस्टरला विचारून थोडं चालवावं, कळ आली की सावकाश श्वास घ्यायला सांगावं. पोट दाबू नये. सिस्टरने सांगण्याआधी "जोर लाव" म्हणू नये. "आम्ही नाही का सोसलं?" हे तर अजिबात नको! बाळ झाल्यावर रक्त जास्त जातंय असं दिसलं तर लगेच सिस्टरला हाक मारावी. पहिल्या तासात बाळाला छातीशी लावायला मदत करावी.

सोबतीण कोण हे सातव्या-आठव्या महिन्यातच ठरवा, आणि ते त्या बाईलाच ठरवू द्या. दुसरं एक नावही तयार ठेवा. सर्दी-खोकला, ताप असलेली बाई नको, कपडे स्वच्छ हवेत. आशाताईला बरोबर घेऊन दवाखान्यात आधीच विचारून या. तिथे नाही म्हणाले तर ग्रामसंघाच्या पुढच्या बैठकीत सांगा, आपण सगळ्या मिळून वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटू.