चुंबक आणि ध्वनी यांची सोयरीक

रस्त्याच्या कडेला असलेल्या विजेच्या ट्रान्सफॉर्मरची अखंड गुणगुण आमच्या बहुतेक वाचकांनी ऐकली असेल. आतील लोखंडाचे चुंबकत्व सारखे पालटत असते आणि त्याबरोबर ते लोखंड किंचित लांबते व आखडते. तीच ही गुणगुण. चुंबकत्वाने लोखंडाची लांबी बदलते, हे इंग्लंडातील जूल यांनी १८४२ साली दाखविले. हेच नाते अणूंच्या सूक्ष्म सृष्टीत कसे दिसते, ते येथे थोडक्यात सांगण्याचा आमचा विचार आहे.

चुंबकीय पदार्थात जणू असंख्य चिमुकले होकायंत्राचे काटे रांगेने उभे असतात. एक डुलला की शेजारचा डुलतो, आणि उभ्या पिकावरून वारा जावा तशी लाट पसरते. या लाटेच्या लहानात लहान अंशास मॅग्नॉन म्हणतात. अणूंच्याच थरथरण्याने उठणारी लाट ध्वनीची; तिचा अंश तो फोनॉन. दोहोंची कंपनसंख्या व तरंगलांबी जुळली, म्हणजे दूध-पाण्याप्रमाणे ते एकरूप होतात. या मिश्र कणास मॅग्नॉन-पोलॅरॉन असे नाव आहे. या मिश्रणाचे गणित अमेरिकेतील चार्ल्स किट्टेल यांनी १९५८ साली मांडले.

सतारीची तार खुंटी पिळून सुरात आणली की तरफेची तार आपोआप झंकारते. येथे बाहेरील चुंबकक्षेत्र हीच खुंटी. जपानमधील तोहोकू विद्यापीठाच्या संशोधकांनी इट्रियम-लोह-गार्नेटच्या पातळ थरावर प्लॅटिनमचा लेप दिला. थराची एक बाजू उष्ण व दुसरी थंड ठेवली, म्हणजे मॅग्नॉनांच्या ओघामुळे प्लॅटिनममध्ये विजेचा दाब उत्पन्न होतो. क्षेत्र वाढवीत नेता सुमारे २.६ आणि ९.३ टेस्ला या दोन ठिकाणी तो दाब एकाएकी उंचावला, असे त्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केले. पहिल्या ठिकाणी आडव्या कंपनांच्या ध्वनीशी मेळ बसला, दुसऱ्या ठिकाणी प्रवासाच्या दिशेनेच कंप पावणाऱ्या ध्वनीशी.

असे का व्हावे? त्या स्फटिकात फोनॉन मॅग्नॉनपेक्षा अधिक काळ टिकतो. सोयरीक जुळताच त्याचे दीर्घायुष्य मॅग्नॉनासही लाभते व तो दूरवर पोचतो. फोनॉनच अल्पायुषी असता, तर त्याच ठिकाणी दाब घटला असता. म्हणून या चढउतारावरून स्फटिकाच्या अंतरंगाचीही पारख होते.

आजच्या गणकयंत्रांत विद्युत्प्रवाहामुळे पुष्कळ उष्णता वाया जाते. प्रवाहाऐवजी अशा लाटांवरून संदेश धाडता यावा, यासाठी ही खटपट आहे. जोडीदार चांगला मिळाला तर दुबळ्याचाही पल्ला वाढतो, हे संसारातील सत्य अणूंनाही लागू पडावे, याचे आम्हांस मोठे कौतुक वाटते.