पॅनेल नवं, ओल जुनीच

जुन्या घरातलं लाकडी पॅनेल तळाशी काळं पडून कुजलं, की ते काढून त्या जागी सागवानी बसवायचं ठरतं. सागाला ओल लागत नाही, असं आपण धरूनच चालतो. सागाच्या गाभ्याला बुरशी, वाळवी सहजी लागत नाही, हे खरं. पण सालीलगतचं फिकट लाकूड कुजतं आणि बाजारातल्या फळ्यांत ते सर्रास असतं. मरीन प्लायचा गोंद पाण्यात टिकतो, तरी कापलेल्या कडांतून पाणी शिरतंच. कुठल्याही लाकडात 20 टक्क्यांहून जास्त ओलावा मुरून राहिला, की बुरशीचं फावतं.

म्हणून आधी भिंतीकडे बघा. कोकण-गोव्यातली जुनी घरं जांभ्याची. जांभा सच्छिद्र, जमिनीतली ओल त्यातून साधारण मीटरभर वर चढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून उडून जाते. ‘सिमेंटचा गिलावा केला की ओल थांबते’ ही समजूत इथेच घात करते. ओल थांबत नाही, तिची बाहेर पडायची वाट बंद होते. मग ती आणखी वर चढते. बऱ्याचदा मूळ कारण बाहेरच असतं: फुटकी पन्हळ, नाहीतर थरावर थर चढवून जोत्याला भिडलेलं अंगण. ते आधी दुरुस्त करा, गिलावा पुन्हा चुन्याचा करा.

फळ्यांमागे प्लास्टिक लावून ओल अडवणंही चूकच. प्लास्टिकमागे भिंत सुकत नाही आणि खिळ्यांच्या भोकांतून ओल लाकडापर्यंत येतेच. त्याऐवजी वाळवीचं औषध मारलेल्या, दोनेक सेंटिमीटर जाडीच्या रिपा उभ्या ठोका आणि त्यांवर फळ्या आडव्या बसवा. मागची हवा खालून वर खेळली पाहिजे. त्यासाठी तळाशी आणि माथ्याशी बोटभर फट सोडा, तिला बारीक जाळी लावा. रिपा असोत की फळ्या, जमिनीला टेकता कामा नयेत. स्क्रू पितळेचे किंवा स्टेनलेसचे घ्या.

पॉलिश फक्त दर्शनी बाजूला पुरतं, असं सुतारही सांगतात. तसं केलं तर उघडी पाठ ओल पिऊन फुगते आणि फळी वाकते. बसवण्याआधीच पाठीला आणि कापलेल्या टोकांना हात द्या. टोकं सगळ्यात जास्त पाणी ओढतात. उन्हाळ्यात बसवत असाल तर फळ्या घट्ट ठोकू नका, पावसाळ्यात त्या फुगणारच.

दुरुस्तीनंतर शक्य असेल तर एक पावसाळा भिंत उघडीच ठेवा. गिलाव्याचे पोपडे निघाले नाहीत, पांढरा खार फुटला नाही, तरच सुताराला बोलवा.