टाकीची पातळी आणि वऱ्हाडातले ऊन

बंद टाकीत माल किती, हे पाहण्याची जुनी रीत म्हणजे छतावर चढून डिप टेप सोडणे. टेपच्या टोकाला पितळी वजन असते. वर लावलेल्या पेस्टचा रंग पेट्रोल लागेल तिथवर बदलतो, आणि तो आकडा तक्त्यात पाहून लिटर काढतात. अकोल्याजवळचे गायगावचे तेल डेपो असोत की पारसच्या वीज केंद्राचे 250 मेगावॉटचे दोन संच, टाक्या आल्या की पातळी मोजणे आलेच. बिनतारी सेन्सरने वाचवली ती रोजची चढउतार आणि केबलसाठी खणायचे चर.

यातला रेडिओचा भाग सोपा. भारतात 865 मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा विनापरवाना वापरता येतो. पोलादी टाकीतून लहरी बाहेर पडत नाहीत, म्हणून अँटेना छतावर बसवतात. सेन्सर बराच वेळ झोपतो, जागा होऊन मोजतो, आकडा पाठवतो आणि पुन्हा झोपतो. त्यामुळे लिथियमचा एक सेल कित्येक वर्षे पुरतो.

अवघड आहे ते मोजणेच. स्वस्त अल्ट्रासॉनिक सेन्सर वरून ध्वनी सोडतो आणि प्रतिध्वनी परतायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढतो. पण ध्वनीचा वेग हवेच्या तापमानावर ठरतो: 25 अंशांना सेकंदाला सुमारे 346 मीटर, 45 अंशांना सुमारे 358. ही दुरुस्ती केली नाही, तर 5 मीटरचे अंतर 4.83 मीटर दिसते आणि टाकीत नसलेले 17 सेंटीमीटर पाणी पडद्यावर चढते. त्यासाठी आत तापमापक असतो. मात्र मे महिन्यातल्या अकोल्यात सेन्सरचे कवचच उन्हाने टाकीतल्या हवेपेक्षा जास्त तापते. तापमापक कवचाचा ताप सांगतो आणि दुरुस्तीच चुकते. यावरचा उपाय अगदी साधा, पत्र्याची सावली. आणि बसवताना विसरला जातो तोही नेमका हाच.

पेट्रोलच्या वाफेत ध्वनीचा वेग आणखी बदलतो, म्हणून तिथे रडार लागते. त्याच्या लहरींना उष्णतेने फारसा फरक पडत नाही. पण 1 मिलिमीटरसाठी जाण्यायेण्याचा फरक सेकंदाच्या एक लक्ष कोटीव्या भागांपैकी जेमतेम सात. किंमत चढते ती इथे.

ज्वालाग्राही वाफेत वापरायच्या सेन्सरच्या सर्किटमध्ये ठिणगी पेटवण्याइतकी ऊर्जाच असून चालत नाही. अशा उपकरणांना मान्यता देणाऱ्या ‘पेसो’चे मुख्यालय नागपुरात आहे. उन्हाने सेल आतल्या आत लवकर झिजतो, आणि तो बदलायलाही पुन्हा छतावर चढावेच लागते.

सर्वात मोठी अडचण झोपेची. 11 डिसेंबर 2005 रोजी इंग्लंडमधील बन्सफील्ड डेपोत पातळीचा आकडा एका जागी अडकला, वेगळा हाय-लेव्हल स्विचही चालला नाही, आणि ओसंडलेल्या पेट्रोलच्या वाफेचा स्फोट झाला. तिथला सेन्सर बिनतारी नव्हता. पण दर पंधरा मिनिटांनी जागा होणारा सेन्सर प्रत्येक झोपेत तेवढाच आंधळा असतो: पातळी तासाला मीटरभर चढत असेल, तर दोन आकड्यांमध्ये 25 सेंटीमीटर निघून जातात. म्हणून टाकी भरताना मोजणी मिनिटागणिक ठेवावी लागते, एरवी तासाने चालते. भरणे बंद करणारा स्वतंत्र स्विच मात्र बहुधा तारेवरच ठेवतात.